सिद्धेश्वर गळत नाही

मी आयुष्यात एकही रात्र दुर्बिणीला डोळा लावून काढलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आकाशाचा अभ्यास केला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गच्ची, शाल आणि चहाचा थर्मास येतो. माझा सगळा अभ्यास सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात, हिंगोलीच्या एका कॉलेजात, फिजिक्स विभागाच्या खिडकीजवळच्या टेबलावर झाला. मधे जेवणाची सुट्टी असे. खिडकीतून दिसायचा तो सायकल स्टँड, आणि हंगामात त्यापलीकडच्या मैदानावर वाळत घातलेली कुणाची तरी हळद.

एकतीस वर्षं शिकवलं. त्यातल्या शेवटच्या पंधरा वर्षांत शिकवण्याच्या जोडीला पुण्यातल्या एका संशोधन गटाचं काम केलं. कॉलेजच्या मास्तरांना मोठ्या संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावतात, चार व्याख्यानं ऐकवतात आणि परत पाठवतात. मी गेले आणि चिकटले. हिंगोलीला इंटरनेटची तऱ्हा अशी होती की एक मोठी फाइल उतरायला घेतली की ती अर्ध्यावर मान टाकायची. मग मी पुण्याहून पेन ड्राइव्ह भरून आणायची. एसटीत शेजारची बाई पदराला भाकरीचं गाठोडं बांधून बसलेली असायची आणि माझ्या पर्समध्ये दहा-बारा दीर्घिका असायच्या.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. आपली आकाशगंगा हे मोठं शहर धरा. आम्ही बघायचो ती खेडी, आकारानं लहान पण आत ताऱ्यांचा जन्म धडाक्यात चाललेला. असे नवे, तापट तारे एक जहाल प्रकाश फेकतात. हा प्रकाश हायड्रोजनच्या अणूवर आदळला की त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन उडवून लावतो. त्यालाच आयनीकरण करणारे किरण म्हणतात. आता गंमत अशी की या ताऱ्यांच्या भोवती हायड्रोजनच भरलेला असतो. तो हे किरण जागच्या जागी गिळतो. तरीही काही किरण कुठून तरी वाट काढून गावाबाहेर निसटतात का, आणि किती, एवढा एकच प्रश्न आम्ही पंधरा वर्षं चघळला.

एवढं काय अडलं होतं? तर फार फार पूर्वी सगळं विश्व हायड्रोजनच्या धुक्यानं भरलेलं होतं आणि मग ते धुकं निवळलं. कुणी निवळलं, हे नक्की माहीत नाही. संशय या लहान दीर्घिकांवर आहे. त्या काळच्या दीर्घिकांना थेट विचारता येत नाही, कारण त्यांचे हे किरण वाटेतच संपतात. म्हणून त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, पण जवळच्या दीर्घिका पकडायच्या. आमच्या धंद्यात जवळ म्हणजे तीन-चारशे कोटी प्रकाशवर्षं. त्याहून अलीकडे येऊनही चालत नाही, कारण मग त्यांचे किरण आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन गिळून टाकतो.

पृथ्वीची हवाही हा प्रकाश अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशात असते. ती तासन् तास एका दीर्घिकेकडे बघते आणि तिच्या यंत्रावर ठिपके उमटतात. पण यंत्राची खोड अशी की प्रकाश नसला तरी त्यावर ठिपके उमटतात. झाकण लावा, तरी उमटतात. आम्हाला हव्या त्या भागात एकूण शे-दीडशे ठिपके, आणि त्यातले बहुतेक यंत्राच्या मनाचे. हे मनाचे ठिपके किती ते आधी मोजायचं आणि वजा करायचं. उरलं तर किरण निसटले, नाही उरलं तर नाही. ते मनाचे ठिपके मोजणं, म्हणजे अंधार मोजणं, हे गटात माझं काम होतं.

आमच्या प्रयोगशाळेचे परिचर गणपतराव एकदा टेबल पुसता पुसता थांबून म्हणाले, "मॅडम, उजेड मोजणारे लई पाह्यले. तुमी अंधार काहून मोजून राहिल्या?"

मी त्यांना वरचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे चाळणी मारायचं काम हाय तुमचं." त्यांनी दोन शब्दांत जे सांगितलं ते मी अर्ज भरताना दोन पानांत लिहीत असे.

आणखी एक गिऱ्हाईक आठवतं. सेनगावकडच्या एका गावातून जीप करून पाच-सहा जण आले. गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला होता आणि लोक धास्तावले होते. कॉलेजात एक बाई किरण मोजतात, हे त्यांना कळलं होतं.

"मॅडम, तुमच्याकडं मशीन हाय म्हणे. एकडाव येऊन मोजून द्या, बराबर लिहून द्या."

मी म्हटलं, माझ्याकडे मशीन नाही, आणि टॉवरच्या लहरी वेगळ्या. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नसते. मी बघते ते किरण जहाल असतात.

त्यांच्यातले एक म्हातारे बाबा लक्ष देऊन ऐकत होते. "मंग ते जहाल किरण इकडं येऊन राहिले का?"

"नाही. वरच्या हवेतच अडतात."

"म्हंजे जे येत न्हाईत ते तुमी मोजता?"

"व्हय," मी म्हटलं.

बाबांनी बाकीच्यांकडे बघितलं. सगळ्यांनी चहा घेतला आणि गेले. मला वाईट वाटलं, कारण ते मोठ्या आशेनं आले होते आणि मी त्यांच्या काही कामाची नव्हते.

तर अंधार मोजता मोजता माझा गटात एक दरारा तयार झाला. नव्या पोरांना वाटायचं, आपल्या दीर्घिकेतून किरण निसटतात. ते आनंदानं आकडा पाठवायचे. मी अंधार नीट मोजून परत पाठवायची: नाही. पुण्यात मला मागं 'नाही म्हणणारी बाई' म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता. कुणी 'आहे' म्हटलं की मी डोळ्यांत तेल घालून दोनदा, तीनदा तपासायची. त्यातूनही टिकलं तरच 'आहे'.

दीर्घिकांची खरी नावं म्हणजे आकड्यांची लांबलचक माळ. ती मला पाठ होईनात, म्हणून मी माझ्या वहीत त्यांना आपली गावं दिली होती. कळमनुरी, वसमत, औंढा, जवळा बाजार, गोरेगाव. पुढं सगळा गटच ती नावं वापरायला लागला. एखादीतून किरण निसटत असले की आम्ही 'गळतंय' म्हणायचो. आमच्यात लुचिया नावाची एक इटालियन बाई होती, तिला 'कळमनुरी' म्हणताना घाम फुटायचा. ऑनलाइन बैठकीत ती 'वसमत गळतंय, गोरेगाव गळत नाही' असं तिच्या इंग्रजीत सांगायची आणि मी हिंगोलीत बसून हसू दाबायची.

सबा शेख ही माझी विद्यार्थिनी. मार्केट यार्डाजवळ तिच्या वडिलांचं ताडपत्री शिवायचं दुकान. हळद, सोयाबीन झाकायच्या ताडपत्र्या तिथं शिवल्या जातात, जुन्यांना ठिगळं लागतात. बी.एस्सी.ला ही पोरगी पहिल्या बाकावर बसून मला इतके प्रश्न विचारायची की माझा तास कधी वेळेत संपला नाही. पुढं ती पुण्याला आमच्याच गटात पीएच.डी.ला लागली. मी तिची मार्गदर्शक नव्हते, पण ती माझी पोरगी आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

तिनं दुर्बिणीच्या जुन्या नोंदींच्या संग्रहातून एक दीर्घिका शोधून काढली. फोटोत नुसता हिरवट ठिपका. पण ऑक्सिजनचा प्रकाश असा झगझगीत की आत मोठी धुमश्चक्री चालली असणार. तिचं आजोळ सिद्धेश्वरचं, धरणाजवळचं, म्हणून तिनं नाव ठेवलं सिद्धेश्वर. तिच्या हिशेबानं सिद्धेश्वरमधून किरण चांगलेच निसटत होते. तसं ठरलं असतं तर तो तिचा पहिला मोठा शोधनिबंध झाला असता, आणि लुचियानं तिला सांगून ठेवलं होतं की निबंध झाला की इटलीला दोन वर्षांची जागा पक्की.

फाइल माझ्याकडे आली. तिनं अंधार मोजताना चूक केली होती, हे मला पाच मिनिटांत दिसलं. सूर्य शांत असतानाच्या महिन्यांची सरासरी तिनं घेतली होती, आणि सिद्धेश्वर बघितलं गेलं तेव्हा सूर्य खवळलेला होता. तेव्हा यंत्राच्या मनाचे ठिपके वाढतात. मी त्याच दिवसांतल्या झाकण लावलेल्या नोंदी घेतल्या, अंधार नव्यानं मोजला, वजा केला. काही उरलं नाही.

बैठकीत मी सांगितलं, "सिद्धेश्वर गळत नाही."

पडद्यावर सबाचा चेहरा छोट्या चौकटीत होता. ती म्हणाली, "मॅडम, एकदा परत बघता का?"

मी म्हणाले, "सबा, आकडा आवडला नाही म्हणून परत मोजायचा नसतो."

हे वाक्य मी सगळ्यांसमोर बोलले. मनात असंही होतं की आपल्या गावच्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणता कामा नये. बाकीच्यांनी पुढचा विषय घेतला.

सिद्धेश्वर निबंधातून गेलं. इटलीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. सबानं 'किरण न निसटणाऱ्या दीर्घिका' असा कोरडा प्रबंध पुरा केला, पदवी घेतली, आणि घरी परत आली. आता ती सेनगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते, रोज जीपनं जाते-येते. ईदला शीरखुर्मा घेऊन यायची. सिद्धेश्वरचं नाव आमच्या दोघींच्या बोलण्यात सहा वर्षांत एकदाही निघालं नाही.

मी निवृत्त झाले. यंदाच्या उन्हाळ्यात गटानं कळवलं, नवी मुलं आलीत, अंधार कसा मोजायचा ते तुम्ही लिहून द्या. मला आनंद झाला. चला, कुणाला तरी आपली किंमत आहे! मी बसून सविस्तर लिहायला घेतलं. शेवटी एक नमुना सोडवून दाखवायचा होता. दिसायला 'आहे' आणि नीट मोजलं की 'नाही', असं ठसठशीत उदाहरण मला हवं होतं. मी सिद्धेश्वर निवडलं. माझं सगळ्यात चांगलं 'नाही' तेच होतं.

जुन्या फाइली उघडल्या आणि एकेक पायरी लिहीत गेले. आता इथं यंत्राबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. प्रकाश यंत्राच्या एकाच पट्टीवर पडत राहिला की ती पट्टी झिजते, फळ्यावर एकाच जागी लिहून लिहून ती जागा गुळगुळीत होते तशी. म्हणून काही वर्षांनी प्रकाश सरकवून शेजारच्या ताज्या पट्टीवर पाडतात. कुठली पट्टी ते फाइलीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं, एकच अंक. प्रत्येक पट्टीचा अंधार वेगळा असतो.

सिद्धेश्वरच्या फाइलीच्या माथ्यावर चार होता. मी अंधार मोजला होता तो तीनवर.

मी चष्मा पुसला, परत बघितलं. आदल्या महिन्यापर्यंतच्या सगळ्या दीर्घिका तीनवर होत्या, आणि मी त्याच सवयीनं तीन घातला होता. तिसऱ्या पट्टीवर मनाचे ठिपके जास्त. मी जास्त अंधार वजा केला होता. सबाचा उजेडही त्यातच वजा झाला.

चूक कुणाकडूनही होते, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण मला झोंबलं ते वेगळंच. दुसऱ्यांदा तपासलं असतं तर ही चूक मला पाच मिनिटांत सापडली असती. मी तपासलं नाही, कारण उत्तर 'नाही' आलं होतं. 'आहे' आलं की मी तीनदा तपासत होते. 'नाही' आलं की वही मिटत होते. पंधरा वर्षं मी याला कडकपणा म्हणत आले, आणि तो निम्माच होता.

चौथ्या पट्टीचा अंधार काढून मी पुन्हा वजाबाकी केली. या वेळी उरलं. तीनदा केली, तिन्ही वेळा उरलं.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला लॅपटॉप घेऊन दुकानात गेले. सबाचे वडील सलीमभाई आणि एक कारागीर, दोघंच होते.

"या मॅडम, बसा. सबा येऊनच राहिली, जीप आत्ता लागंल. काही काम काढलं?"

"तिच्याशीच बोलायचंय."

माझ्या तोंडाकडे बघून ते जरा घाबरले. "आमच्या लेकरानं काही गलती केली का?"

"नाही हो. माझ्याकडून झाली."

त्यांनी चहा सांगितला आणि पुन्हा कामाला लागले. एक जुनी ताडपत्री दुरुस्तीला आली होती. त्यांनी आणि कारागिरानं तिची दोन टोकं धरली आणि उतरत्या उन्हासमोर आडवी ताणली. ऊन ज्या भोकातून आत आलं तिथं सलीमभाईंनी खडूनं गोल केला. पुढचा भाग ताणला, त्यात काहीच दिसलं नाही. तेव्हा त्यांनी तो उलटा केला, बाजू बदलून उभे राहिले आणि पुन्हा उन्हाला धरला.

"हे दोनदा काहून?" मी विचारलं.

"भोक दिसलं तर दिसलं मॅडम, शिवून टाकायचं. न्हाई दिसलं तरच तकलीफ. कवा घडीत राहते, कवा आपून उभं राहिलो तिथून दिसत न्हाई."

मला त्या माणसाचा अक्षरशः राग आला. इतकी साधी गोष्ट इतक्या सहज कुणी सांगू नये. त्यांच्या पोरीनं तेच मला सहा वर्षांपूर्वी भर बैठकीत सांगितलं होतं.

सबा आली. खांद्यावर पिशवी, केसांवर सेनगावच्या रस्त्याची धूळ. मी प्रस्तावना केली नाही. "सिद्धेश्वरचा अंधार मी चुकीच्या पट्टीवर मोजला. तुझी पट्टी चार होती, मी तीन घातली."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी तेव्हा परत बघा म्हणाले होते."

"हो."

"सगळ्यांसमोर म्हणाले होते."

"हो. आणि मी सगळ्यांसमोर तुला गप्प केलं. माफ कर म्हणायलाही मला लाज वाटतेय, सबा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. सलीमभाई ताडपत्रीच्या मागं गेले आणि कारागिराला विनाकारण काहीतरी ओरडले. चहा आला, तसाच गार झाला.

मी लॅपटॉप उघडायला लागले, तर तिनं झाकणावर हात ठेवला. "तुमचा आकडा मला सांगू नका. फाइल द्या फक्त. माझं मी करते."

पहिल्या बाकावरची पोरगी तीच होती. मी फाइल दिली.

चार दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. रविवारी सकाळी ती आली, एक कागद पुढे केला. मी माझा ठेवला. दोन्ही आकडे जवळपास सारखे होते. सिद्धेश्वरमधून किरण निसटतात. तिच्या पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे कमीच, पण निसटतात.

"म्हणजे माझंही चुकलंच होतं," ती म्हणाली.

"तुझं कमी चुकलं होतं."

मी तिच्यासमोरच पुण्याला, सगळ्या गटाला पत्र लिहिलं. त्यात अंधार कुणी चुकीचा मोजला ते नाव घालून लिहिलं, आणि दुरुस्तीच्या निबंधावर पहिलं नाव सबाचं असावं असंही लिहिलं. लुचियाचं उत्तर त्याच दिवशी आलं. तिनं सबाला निबंध लिहायला सांगितलं आणि मला लिहिलं की 'कळमनुरी' तिला अजून म्हणता येत नाही. इटलीच्या जागेबद्दल त्यात काही नव्हतं. ती जागा कधीच भरून गेलेली. ते नुकसान माझ्यानं भरून निघणार नाही, आणि निघेल असं मी सबाला म्हटलंही नाही.

त्या सकाळी पत्र गेल्यावर मला वाटलं, आता सुटले. सबा जायला उठली, दारापर्यंत गेली, चप्पल घालता घालता थांबली.

"मॅडम, तुम्ही 'नाही' आलं की परत बघत नव्हता ना?"

"नव्हते."

"मग अशा किती दीर्घिका असतील?"

मी उठले. आत गेले, कपाटातून वही काढली. गोरेगाव, जवळा बाजार, औंढा, साखरा, पानामागून पान. प्रत्येक नावापुढं माझ्याच ठसठशीत अक्षरात एकेक 'नाही'. त्यातली किती खरी आणि किती माझ्या सवयीची, ते मला सांगता येईना. भीतीही वाटली, आणि पंधरा वर्षांत वाटली नव्हती इतकी उत्सुकताही.

सबानं चप्पल काढली आणि टेबलाशी खुर्ची ओढली.

"गोरेगावपासून घेऊ," ती म्हणाली. "पट्टी कुठली ते आधी तुम्ही वाचा. मग मी वाचते."